उशिरा मिटणारं फाटक

१

केरिनच्या लग्नात जेवढा खल झाला नव्हता, तेवढा या कुंपणावरून झाला. लग्न तसं घाईतच उरकलं होतं, समुद्राकाठी, चपला हातात घेऊन. कुंपणाला मात्र घाई चालणार नव्हती. ते पक्कं झाल्याशिवाय दीड वर्षाचा हॅमिश आजीकडे राहणार नव्हता, आणि केरिनची हॉस्पिटलातली नोकरी तर तोंडावर आलेली. या आजीकडे जमलं नाही तर दुसऱ्या आजीकडे, म्हणजे जावयाच्या आईकडे, पर्थला. ब्रिस्बेनहून पर्थ म्हणजे मध्ये अख्खा ऑस्ट्रेलिया. मुलगी, जावई, नातू, सगळं बिऱ्हाडच तिकडे हललं असतं. केरिनच्या आईने, नोलीनने, हे ऐकलं तेव्हा ती भांडी घासत होती. ती एकच कप पुन्हा पुन्हा घासत राहिली.

घरामागचा पोहण्याचा तलाव वयाने केरिनपेक्षा थोडासाच मोठा, आणि भोवतीचं लाकडी कुंपण तलावाच्याच वयाचं. कुंपण कायद्यात बसतं का हे पाहायला तपासनीस बाई आल्या, गुडघ्यावर बसल्या, फाटक कधी पूर्ण उघडून तर कधी बोटभर उघडून सोडून पाहिलं आणि म्हणाल्या, "याला कुंपण म्हणत नाहीत. ही शोभा आहे." नोलीनच्या नवऱ्याला, डेसला, त्यांचा राग आला. वास्तविक त्या फाटकाला वाईट सवय लावली होती ती त्यानेच. अंगणात मांस भाजायचा बेत असला की बिअरची बर्फपेटी टेकवून फाटक उघडं ठेवायचं, हा सगळ्या गल्लीचाच रिवाज. दोन्ही हातांत ताटं असताना कडी कोण उघडत बसणार?

मग ग्लेनच्या दुकानाच्या वाऱ्या सुरू झाल्या. ग्लेन कुंपणं विकायचा, बसवायचाही तोच. अंगणभर त्याने नमुने उभे केले होते. इकडे काच, तिकडे काळे उभे गज, कोपऱ्यात जाळी.

"काच घेऊ," डेस म्हणाला. "स्वयंपाकघरातून पाणी दिसलं पाहिजे."

"आणि ती काच पुसणार कोण? तू?" नोलीन म्हणाली.

"काकू, काचेतून पोरगं कुठंय ते दिसतं," ग्लेनने आपलं घोडं दामटलं.

"आणि पोराला पाणी दिसतं. दिसलं की हवंसं वाटतं. मी पोर वाढवलंय त्या काठावर, मला नको शिकवूस."

शेवटी काळे गज ठरले. उभेच्या उभे, पाय ठेवायला मध्ये आडवं काही नाही. फाटकाला बिजागरीतच स्प्रिंग, आणि कडीचा खटका मोठ्या माणसाच्या खांद्याशी. ग्लेनने ते फाटक उघडून सोडलं आणि ते धाडकन मिटलं. नोलीन दचकली.

"मागे वळून बघायचंच नाही, काकू," तो अभिमानाने म्हणाला. "तुम्ही विसराल, फाटक विसरणार नाही."

२

दुपारचं जेवण झालं की जाळी घेऊन तलावातली पानंफुलं काढायची, हा नोलीनचा जुना नेम. शेजारचा नीलमोहर वसंतात असा काही झडायचा की पाणी दिसेनासं व्हायचं. डेस म्हणायचा, यंत्र आहे, ते ओढून घेईल. पण यंत्राला फुलं वेचायचा आनंद काय कळणार?

नवं फाटक पहिले काही दिवस तिच्या टाचेवरच आपटायचं. "हो हो, चाललेय," ती त्याला म्हणायची. एका दुपारी ते आपटलं नाही.

ती आत गेली, चार पावलं चालली, आणि काहीतरी राहिलंय असं वाटून थांबली. राहिला होता तो आवाज. तिने मागे पाहिलं तर फाटक अर्धवट उघडं, जागच्या जागी उभं. वारा नव्हता. मग ते सावकाश आलं आणि हलकेच मिटलं. खटका लागल्याचा आवाजही मऊ आला.

स्प्रिंग सैल झाली असेल, नोलीनने ठरवलं. लोखंड उन्हाने फुगतं, हेही तिला ठाऊक होतं. तिने परत जाऊन फाटक नुसतंच उघडून सोडलं. ते धाडकन मिटलं. पुन्हा सोडलं, पुन्हा धाडकन. मग ती त्यातून चालत आत आली, आणि तिच्यामागे फाटक थांबलं.

किती वेळ थांबलं म्हणावं? मागून कुणी येत असलं की आपण दार धरून ठेवतो ना, तेवढाच वेळ. आणि मागून येणाऱ्याची पावलं लहान असली तर थोडा जास्त.

३

ग्लेन आला तो कुरकुरतच. त्याच्या फाटकाबद्दल आजवर तक्रार म्हणून आली नव्हती. त्याने स्प्रिंग आवळली, बिजागऱ्यांत तेल घातलं, खटका काढून परत बसवला. मग तो स्वतः आत-बाहेर करून आला, फाटक प्रत्येक वेळी खाडकन मिटलं. डेस गेला तर त्याच्या बुडावरच बसलं.

"आई गं! हे बरं काम करतंय," डेस बूड चोळत म्हणाला. "नोलीन, आता तू जा बघू."

नोलीन गेली. फाटक थांबलं. मग सावकाश मिटलं.

"काकू, तुम्हाला बघून लाजतंय ते," ग्लेन हसला. "काका, तुमच्यासारखंच दिसतंय."

"मी कधी लाजलो?" डेस म्हणाला.

"पुन्हा एकदा जाऊन दाखवा, काकू."

या वेळी ग्लेन फाटकाजवळ उकिडवा बसला, बिजागरी नीट दिसावी म्हणून. नोलीन त्याच्या अंगावरून आत गेली. मागे फाटक थांबलं. ती वळली तेव्हा ग्लेन बिजागरीकडे पाहतच नव्हता. तो तिच्या मागे, तिच्या गुडघ्याच्या उंचीवर कुठेतरी पाहत होता. त्याच्या तोंडावर हसू होतं तसंच होतं, फक्त त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं की आपण हसतोय.

"काय रे?"

"काही नाही." तो उठला आणि हत्यारं पेटीत टाकू लागला. एरवी तो ती पुसून ठेवायचा. "मिटतंय ना शेवटी? खटका लागतोय ना? मग कायद्यात बसतं."

चहाला थांब म्हटलं तर थांबला नाही.

४

नोलीन काही भित्री बाई नव्हती. या घरात कधी कुणी दगावलं नव्हतं, तलावात तर नाहीच. जागा घेतली तेव्हा इथे नुसतं अननसाचं शेत होतं. भुताला यायला काही निमित्त तरी लागतं, असा तिचा हिशोब. तिला दिसत होतं ते एवढंच, की फाटक ती आत जाताना थांबतं आणि बाहेर येताना थांबत नाही. बाहेर येताना ते पूर्वीसारखंच टाचेवर आपटायचं.

आधी तिला याचं काही वाटलं नाही. मग एका दुपारी ती बाहेर आली, मागे फाटक आपटलं, जाळी तिने भिंतीला टेकवली, आणि तिच्या मनात आलं, जे माझ्यामागून आत गेलं ते बाहेर आलेलंच नाही.

हा विचार अगदी वेडगळ आहे हे तिला कळत होतं. ती घरात गेली. सँडविच केलं, त्यात बीटाची चकती घातली, टेबलाशी बसली. खिडकीतून काळे गज दिसत होते, मागे निळं पाणी, आणि त्यावर ऊन नुसतं पेटलेलं. चिटपाखरू नव्हतं. एवढ्याशा पोराला पाण्याकाठी एकटं सोडून आपण घरात खात बसलोय, असं तिला वाटायला लागलं. पोर कुठलं, कोणाचं, असलं काही तिने स्वतःला विचारलं नाही. हातातलं सँडविच तिने बशीत परत ठेवलं.

ती उठली, तरातरा गेली, खटका वर ओढून फाटक उघडलं आणि धरून उभी राहिली.

"चल," ती म्हणाली. "बाहेर ये बघू. ऊन लागेल."

इकडेतिकडे पाहून तिने फाटक सोडलं. ते थांबलं. मग हलकेच मिटलं. नोलीनला स्वतःचं हसू आलं, आणि हसताहसता डोळे भरून आले. घरात जाऊन तिने ते सँडविच चवीने खाल्लं.

त्या दिवसापासून फाटक दोन्ही वेळा थांबू लागलं.

५

माणसाला कशाचीही सवय होते, आणि लळा लागायला तर त्याहून कमी वेळ लागतो. नोलीन कपडे वाळत घालताना बोलायला लागली. हे बघ, हा आजोबांचा सदरा, याची बटणं बघ कुठे गेलीत. त्या झाडाखाली जाऊ नकोस, तिथे मुंग्या आहेत.

"कोणाशी बोलतेस गं?" डेस व्हरांड्यातून ओरडायचा.

"तुझ्याशी! तू ऐकत नाहीस ते निराळं."

घरात मात्र तिने त्याला कधी घेतलं नाही. व्हरांड्याच्या पायरीशी ती म्हणायची, "बस हं इथेच," आणि जाळीचं दार आपल्यामागे चटकन ओढून घ्यायची. असं का करतो, याचा विचार ती टाळायची. एकदा दार लावून तिने जाळीतून खाली पाहिलं. ऊन असं की पायरीवर अंडं भाजावं. त्या पायरीवर बशीएवढा ओला डाग होता. पाहतापाहता तो काठाकडून आटत गेला आणि नाहीसा झाला. नोलीन बराच वेळ दारामागे उभी राहिली. मग आत जाऊन तिने रेडिओ मोठा केला.

तपासनीस बाई परत आल्या, गुडघ्यावर बसल्या आणि या वेळी खूश झाल्या. फाटक त्यांच्या हातून हर तऱ्हेने धडाधड मिटलं. केरिनने कुंपणाला स्वतः लटकून पाहिलं, कुंड्या आणि खुर्च्या गजांपासून लांब हलवल्या, खटका पुन्हापुन्हा वाजवला.

"आई, तुझ्यावर माझा विश्वास आहे," ती म्हणाली. "बाबांवर नाहीये."

"माझ्यासमोर बोलतेय बघ," डेस म्हणाला.

आणि हॅमिश आला. पाठीवर स्वतःएवढी पिशवी, डोक्यावर मानेवरून झालर सोडलेली हिरवी टोपी, आणि तोंडात एकच शब्द, "नको." नोलीनचं घर भरून गेलं. पर्थचं नाव कुणी काढेना. दुपारी तो झोपला की ती जाळी घेऊन तलावावर जायची. मागे फाटक थांबायचं, आणि ती न वळता म्हणायची, "आलास का? सावलीत बस."

वळून पाहणं तिने कधीच सोडून दिलं होतं.

६

त्या दिवशी क्रिकेटचा सामना होता. हॅमिश टोपी घालूनच सोफ्यावर झोपलेला, शेजारी डेस टीव्हीपुढे. "मी आहे ना," तो म्हणाला. होता खरा, पण जेवणानंतर सोफ्यावर बसलेला डेस किती वेळ जागा असतो हे साऱ्या घराला ठाऊक होतं. नोलीन जाळी घेऊन बाहेर पडली. जाळीचं दार तिच्यामागे मिटलं की नाही, हे तिला पुढे कितीही डोकं खाजवून आठवलं नाही.

ती फाटकातून आत गेली. फाटक थांबलं. मग खटक्याचा तो मऊ आवाज आला.

"आलास? बस सावलीत," ती म्हणाली.

आज नीलमोहराने कहर केला होता. ती एका बाजूने फुलं ओढत चालली. मागे कुठेतरी लहान पावलं वाजली. पूर्वी तिने ती कधी ऐकली नव्हती, पण आता सवय इतकी झाली होती की ऐकू आली याचंच तिला कौतुक वाटलं. जाळीने फुलांचा एक मोठा पुंजका उचलला आणि खालचं पाणी स्वच्छ झालं. त्यात तिला आकाश दिसलं, आणि पलीकडच्या काठाचं प्रतिबिंब दिसलं. काठावर, पायऱ्या पाण्यात उतरतात तिथे, एक इवलीशी आकृती उभी होती.

दिसला! नोलीनच्या छातीत आनंदच मावेना. इतके दिवस मागे मागे येत होता आणि आज एकदाचा दिसला.

मग तिला टोपी दिसली. हिरवी, मानेवर झालर. तिची नाडी सकाळी तिनेच हनुवटीखाली बांधली होती.

जाळी हातातून सुटली. तलावाला वळसा घालून ती कशी पोचली ते तिला आठवत नाही. तिला आठवतं ते पोचल्यावरचं. हॅमिश काठावर उभा नव्हता, पाण्यावर कलला होता. इतकं पुढे कललेलं माणूस पडतंच, लहान असो की मोठं. तो पडत नव्हता. त्याचा उजवा हात समोर ताठ ताणलेला होता आणि मूठ मिटलेली. पोरं मोठ्यांचं बोट धरून चालतात तेव्हा मूठ अशी असते. मुठीत काही नव्हतं.

तिने त्याला कमरेला धरून ओढलं. तो आला नाही. क्षणभर तिच्या हातांना दोन पोरांचं ओझं जाणवलं. मग पलीकडून सोडल्यासारखं झालं, आणि ती हॅमिशला घेऊन पाठीवर आपटली. खेळ मोडल्यासारखं त्याने भोकाड पसरलं.

ते त्याला ओढत होतं की सावरत होतं, हे नोलीनला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

७

हॅमिशला छातीशी घेऊन ती फाटकातून बाहेर आली, आणि सवयीने पुढे चालू लागली. मागे आवाज झाला नाही. फाटक थांबलं होतं.

नोलीन वळली. फाटक अर्धवट उघडं होतं आणि त्याच्यापलीकडे काही नव्हतं, नुसतं ऊन होतं. तिने हॅमिशला कडेवर पक्कं घेतलं, मोकळ्या हाताने गज धरला आणि फाटक ओढलं. ते येईना. घट्ट बसलं होतं असंही नाही, मध्ये उशी अडकावी तसं काहीतरी मऊ लागत होतं.

"नाही रे राजा," ती म्हणाली. "आता नाही."

तिने सगळं अंग घालून ओढलं. ते मऊ काहीतरी मागे सरलं आणि खटका लागला. ती कान देऊन उभी राहिली. कडेवर हॅमिश रडत होता. आतून कुणी रडलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. आतून काहीच आलं नाही.

संध्याकाळी केरिन आली तेव्हा नोलीनने तिला खुर्चीवर बसवून सांगितलं. तिसऱ्या कोणाबद्दल नाही, फक्त खरं तेवढं. "तो माझ्यामागून फाटकातून आत आला आणि मी वळून पाहिलं नाही."

"चूक माझी आहे," डेस म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "मला डुलकी लागली."

केरिनने हॅमिशला इतकं आवळून धरलं की तो "नको, नको" करायला लागला. "आई, तू बोलली नसतीस तर मला कळलंही नसतं."

"म्हणूनच सांगितलं. आता पर्थला जायचं तर जा. मी अडवणार नाही."

मग केरिनने डोळे पुसले. "हा तलाव राहील नाहीतर हॅमिश. दोन्ही नाही."

"तलाव गेला," डेस लगेच म्हणाला. तो तलाव त्याने तरुणपणी जादा पाळ्या करून बांधून घेतला होता. त्याचा शब्द बदलला नाही.

पाणी उपसलं, फरशीला भोकं पाडली, ट्रक भरभरून माती आली, वर हिरवळ अंथरली. शेवटी ग्लेन कुंपण उखडायला आला तेव्हा नोलीन त्याला आडवी आली.

"राहू दे ते."

ग्लेनने फाटकाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि हत्यारांची पेटी गाडीत परत ठेवली.

आता गल्लीत त्यांची चेष्टा होते. गवताला कुंपण घातलंय, गवत पोहायला जाईल म्हणून, असं लोक म्हणतात. हॅमिश बाहेरच्या अंगणात चेंडू खेळतो. तो चांगला लांबलचक बोलायला लागलाय आणि आजीशिवाय त्याचं पान हलत नाही. आतलं गवत डेस कापतो आणि बाहेर येताना फाटक दरवेळी त्याच्या पाठीवर आपटतं. नोलीन आत जात नाही. सगळीकडे गवत दाट आलंय. फाटकाला लागून आतल्या बाजूला तेवढी बशीएवढी जागा उघडी आहे. डेसने तिथे दोनदा बी टाकलं, खत टाकलं. तिथे काही उगवत नाही, आणि माती कायम ओली असते.

रोज दुपारी नोलीन विणकाम घेऊन येते आणि फाटकाला लागून, बाहेरच्या बाजूला, गजांना पाठ टेकून बसते. काहीबाही बोलत असते. फाटकाला हात लावत नाही.

"आई, अख्खं अंगण सोडून तुला हीच जागा बरी सापडते!" केरिन म्हणते.

"इथे सावली असते," नोलीन म्हणते.

त्या जागी संध्याकाळपर्यंत ऊन असतं.